मोठा भाऊ पोलिसात आहे, डोक्याला गंभीर मार लागून चार महिने झालेत. तो पूर्वीसारखा होईल का? ड्यूटीवर कधी जाईल?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "आम्ही घरचे त्याला एकाही कामाला हात लावू देत नाही." विचारलंय ड्यूटीचं, पण मी त्या वाक्यापाशीच अडकले. माझे दीर गेली सहा वर्षं हेच वाक्य छाती पुढे काढून सांगत आलेत.

माझे मिस्टर फौजदार. रात्रीच्या नाकाबंदीत एका गाडीने उडवलं. डाव्या बाजूला मेंदूवर रक्त साकळलं, कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागला, तो तीन महिन्यांनी परत बसवला. दाखल केलं तेव्हा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे त्याची मोजणी, 7. मला वाटलं, 15 पैकी 7 म्हणजे काठावर पास! ती मोजणी 3 पासून सुरू होते, मेलेल्या माणसालाही 3 मिळतात आणि 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर, हे मला एका नर्सने जिन्यात उभं राहून सांगितलं.

शुद्धीवर आले ते मला "मॅडम" म्हणत. चमचा, उशी असले साधे शब्द सापडत नव्हते, पण पंचनाम्याची भाषा अख्खी शाबूत. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पंच म्हणून थांबायला सांगायचे, नर्सकडे स्टेशन डायरी मागायचे. मला रोज एकच: "मॅडम, तक्रार काय?" एकदा वैतागून म्हटलं, नवरा हरवलाय. म्हणाले, "वर्णन सांगा."

सांगितलं मी वर्णन. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

घरी आणल्यावर खरी लढाई बुटाच्या लेसवरून झाली. उजवा हात हलत होता, ताकदही थोडी आली होती, पण गाठीचा क्रम सापडत नव्हता. डाव्या मेंदूला मार बसला की असं होतं, त्याला ॲप्रॅक्सिया म्हणतात. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं की जो हात वापरणार नाही तो मेंदू सोडून देतो, चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घ्यायची उपचारपद्धतच आहे. म्हणून मी समोर खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी एका बुटाला 22 मिनिटं लागली. घामाघूम, चिडलेले, मला नको नको ते बोललेले. आणि 23 व्या मिनिटाला भाऊजी आत आले, खाली बसले आणि दुसऱ्या बुटाची लेस दोन सेकंदांत बांधून मोकळे. वर मला, "वहिनी, दादाला का छळताय?"

दुसऱ्या दिवशी यांनी बुटाला हात लावला नाही. पाय पुढे केला आणि दाराकडे बघत बसले.

हे पुढे वर्षभर चाललं. दाढी भाऊजी करणार, घास भाऊजी भरवणार, फोनवर यांच्या वतीने भाऊजीच बोलणार. मी करवून घेतलं की मी कजाग. कुठल्याशा डॉक्टरांनी त्यांना फिनियस गेजची गोष्ट सांगितली होती: 1848 मध्ये रेल्वेच्या कामावर त्याच्या डोक्यातून लोखंडी सळई आरपार गेली, माणूस जगला पण स्वभाव पार बदलला. भाऊजींनी एवढंच धरून ठेवलं. "बदललाय तो, स्वीकारा आता." मी पुढचं वाचलं. तोच गेज नंतर चिलीमध्ये कितीतरी वर्षं प्रवाशांची घोडागाडी हाकत होता. रोज तोच रस्ता, तेच घोडे, ठरलेली वेळ. हे मी त्यांना दोनदा ऐकवलं, दोन्ही वेळा विषय बदलला त्यांनी.

आता लोकांच्या मदतीबद्दल. पहिल्या आठवड्यात खाटेभोवती पंधरा-पंधरा वर्दीवाले. सगळे जिवाभावाचे, पण दुखावलेल्या मेंदूला आवाज गाळून घेता येत नाही. हे बिथरायचे, एकदा सलाईन उपटून टाकली. मग ठाण्याच्या रायटरनेच, म्हणजे लिखापढी बघणाऱ्या पोलिसाने, गर्दी हटवली आणि बंदोबस्ताचा लावतात तसा ड्यूटी चार्ट लावला. मंगळवारी फिजिओला कोण नेणार, शनिवारी मुलीला शाळेतून कोण आणणार, बिलांच्या फायलीमागे कोण पळणार. भेटायला येणारे पन्नास असण्यापेक्षा चार्टवरचे सहा बरे. चौथ्या महिन्यानंतर गर्दी तशीही ओसरते, तुमच्याकडे ओसरलीच असेल.

शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. ते रोज संध्याकाळी यांना फिरायला न्यायचे. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. कोपरा ओलांडला की विचारायचे, "साहेब, मघाच्या पांढऱ्या गाडीचा नंबर?" सुरुवातीला शून्य. मग शेवटचे दोन आकडे. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस आठ महिन्यांनी अख्खा नंबर सांगायला लागला. मेमरी थेरपीसाठी आम्ही पैसेही मोजले, पण उपयोग हवालदारांचा जास्त झाला असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या प्रश्नाचं: पूर्वीसारखे हे झाले नाहीत. राग लवकर येतो, दुपारी दोननंतर मेंदू दुकान बंद करतो, आणि "मला काही झालेलं नाही" हे पालुपद तर दीड वर्ष चाललं. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, नंतर वेग मंदावतो, पण थांबत नाही. ड्यूटीवर चौदाव्या महिन्यात गेले, रोज दोन तास, टेबलाचं काम. आता पूर्ण वेळ रेकॉर्ड बघतात. शस्त्र नाही, गाडी चालवणं नाही, नाईट तर नाहीच, कारण जागरणाने फिट येण्याचा धोका वाढतो. फिल्डवर ते परत जाणार नाहीत. हे त्यांना कळायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त मला लागला.

हां, मार प्रत्येकाचा वेगळा असतो, आमचे महिने मोजून तुमच्या भावाला लावू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत आराम हवाच. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. जिना, गॅस, अंघोळ यांवर लक्ष हवं, आणि "स्वतःचं स्वतः कर" म्हणजे एकटं सोडणं नव्हे. फिटच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. नव्याने गुंगी, उलट्या, वाढती डोकेदुखी दिसली की थेट हॉस्पिटल.

आणि हेही सांगायला हवं की भाऊजी आयसीयूबाहेर 19 रात्री बाकावर झोपले. मी नाही झोपले, मुलगी लहान होती. ते मी कधी विसरणार नाही. पण लेस बांधायला नको होती.

तुमच्या भावाला आज शर्टाची दोन बटणं स्वतः लावू द्या. तुम्ही तोवर बाहेर जाऊन या.

भाऊजी इथे वाचतात, मला ठाऊक आहे. वाचू देत.