अधिकार मिळाला की माणूस बदलतोच का?

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात सगळे मनापासून राबत होते. कामे वाटून देण्याचा अधिकार एका सहकाऱ्याकडे गेल्यापासून किचकट कामे आमच्या गळ्यात पडतात आणि सोपी त्याच्याकडे राहतात. आता बाकीच्यांनीही हात आखडता घेतला आहे. अधिकार माणसाला स्वार्थी करतोच का?

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे, पण त्यातला ‘च’ मला मान्य नाही. सेरेना चेन, अ‍ॅनेट ली-चाय आणि जॉन बार्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काहींना प्राध्यापकांच्या खुर्चीत बसवले, काहींना समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत, आणि स्वतः व दुसरा एक सहभागी यांच्यात कामे वाटून घ्यायला सांगितले. नातेसंबंधांत देण्याघेण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी मोठ्या खुर्चीत बसल्यावर आपले ओझे हलके करून घेतले; दुसऱ्याची गरज पाहणाऱ्यांनी मात्र त्याच खुर्चीत बसून जास्त काम अंगावर घेतले. म्हणजे मुळात जी वृत्ती असते, तिला अधिकारामुळे मोकळे रान मिळते.

तुमच्या सोबत्यांचे मागे सरणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची मला अधिक काळजी वाटते. अर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत चौघांना प्रत्येकी २० गुण मिळत. त्यातले हवे तितके स्वतःकडे ठेवायचे, बाकीचे समाईक खात्यात टाकायचे; टाकलेले गुण १.६ पट होऊन चौघांत सारखे वाटले जात. सर्वांनी सगळे गुण टाकले तर प्रत्येकाला ३२ मिळतात, तरीही फेऱ्या वाढतात तसतशी वर्गणी आटत जाते, कारण पुष्कळ माणसे इतर देतात तोवरच देतात आणि एकाने अंग चोरलेले दिसले की तीही थांबतात. याला मी स्वार्थ म्हणणार नाही. तो दुखावलेला विश्वास आहे. अंग चोरणाऱ्याला पदरमोड करून दंड करण्याची मुभा सर्वांना मिळाली, तेव्हा वर्गणी पुन्हा वाढली.

मात्र तुम्ही सारे असेच अडून राहिलात, तर तुमच्या सहकाऱ्याला ‘इथे कोणालाच काम नको’ असे प्रामाणिकपणे वाटू लागेल. केली आणि स्टाहेल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७० सालीच दाखवले होते की, चढाओढीच्या वृत्तीचा माणूस समोरच्यालाही चढाओढीला भाग पाडतो आणि मग सारे जग आपल्यासारखेच आहे असे मानतो. म्हणून त्याच्या स्वभावावर बोट न ठेवता, गेल्या काही आठवड्यांत कोणते काम कोणी केले आणि त्याला किती वेळ लागला, याची यादी सर्वांसमोर मांडा, आणि कामे वाटण्याची पाळी दर महिन्याला बदलावी असा प्रस्ताव ठेवा. पहिली पाळी तुमच्याकडे आली, तर सर्वांत किचकट काम स्वतःच्या नावापुढे लिहा.