बहुगुणी कलावंत उपजत असतात की संगोपनातून घडतात?

दोन्ही लागतं, पण ‘निम्मं रक्तातलं, निम्मं घरातलं’ असा सरळ हिशेब मांडता येत नाही, कारण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. हे कळतं ते मुख्यतः जुळ्यांच्या अभ्यासांतून. एकरूप जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, भिन्न जुळ्यांची सरासरी निम्मी जुळतात; दोन्ही प्रकारच्या जोड्यांतलं साम्य ताडून पाहिलं की आनुवंशिकतेचा वाटा काढता येतो. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या १०,००० हून जास्त जुळ्यांच्या अभ्यासात गंमतच निघाली: कोण किती रियाज करतो, यातही आनुवंशिकतेचा बराच हात दिसला. म्हणजे आपण ज्याला निव्वळ मेहनत म्हणतो, तिची ओढही काही अंशी उपजतच!

मात्र एकाच माणसाला चार कलांत गती यायला त्या चारही कला हाताशी असाव्या लागतात. लिओनार्दो दा विंची शिकला ती शिल्पकार-चित्रकार व्हेरोक्कियोची कार्यशाळा चित्र, शिल्प आणि धातुकाम एकाच छताखाली करायची. १४७१ मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढलेला तांब्याचा गोळा तिथलाच. लिओनार्दो नुसत्या चित्रकाराकडे शिकला असता तर यंत्रांकडे इतका वळला असता का, मला शंका आहे.

एक लक्षात ठेवा: आनुवंशिकतेची टक्केवारी समूहातल्या फरकांबद्दल बोलते. एखाद्या मुलातला किती गुण जन्माचा आणि किती शिकवणीचा, हे तिच्यावरून सांगता येत नाही.