शिकागोत १९२०च्या सुमाराचं घर भाड्यानं घेतलंय, लहान बाळ आहे. नळाचा पाइप शिशाचा आहे का, हे कसं ओळखायचं?

बेसमेंटमध्ये रस्त्याच्या बाजूनं जमिनीतून वर येणारा पाइप शोधा, मुख्य वॉल्व्हच्या आधीचा. किल्लीनं हलकंच खरवडा. मऊ लागला, आतून चांदीसारखा चकाकला आणि लोहचुंबक चिकटलं नाही, तर तो शिशाचा. वॉल्व्हजवळ कांद्यासारखा फुगीर सांधा दिसला तर शंका उरतच नाही. तांब्याचा रंग लगेच कळतो. चुंबक चिकटलं तर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप (जीआय), पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. आतल्या गंजात पूर्वीचं शिसं अडकलेलं असू शकतं.

खरं सांगायचं तर तुमच्या घरात शिसं असणार असंच मी धरून चालेन. शिकागोत लहान घरांच्या जोडणीला १९८६पर्यंत शिशाचाच पाइप सक्तीचा होता!

आपल्याकडची ‘पाणी उकळून घ्या’ ही सवय इथे उपयोगाची नाही. उकळल्यानं शिसं जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. प्यायला, स्वयंपाकाला थंड नळाचंच पाणी घ्या. रात्रभर साचलेलं पाणी काही मिनिटं वाहू द्या (भांडी, कपडे तेव्हाच उरका). बाळाच्या दुधासाठी मात्र फिल्टरचंच पाणी वापरा. फिल्टर घेताना ‘एनएसएफ ५३’ (फिल्टरसाठीचं प्रमाणपत्र) आणि शिसं काढतो असा स्पष्ट उल्लेख, दोन्ही बघा. फिल्टर बसवलेले साधे पाण्याचे जग बहुतेकदा फक्त क्लोरिनची चव घालवतात. कार्ट्रिज मुदतीत बदला.

शहराच्या ३११ या हेल्पलाइनला फोन करून पाण्यातलं शिसं तपासणीचं किट मागवा, फुकट मिळतं. पाइप बदलायचं घरमालकाशी बोला.