वाचकांचे प्रश्न : अफाच्या माळा

प्रश्न : आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. नायजेरियातले इग्बो लोक ‘अफा’त, म्हणजे त्यांच्या भविष्य पाहण्याच्या विधीत, टरफलं टाकतात, तोही कौलच ना?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. कौलात एक पाकळीही उत्तर देते. अफात एकटं टरफल मुकं असतं. डिबिया, म्हणजे तिथला जाणता, चार माळा टाकतो. प्रत्येक माळेत बियांची चार अर्धी टरफलं. टरफल उताणं पडेल नाहीतर पालथं, त्यामुळे एका माळेचे १६ आकार होतात आणि दोन माळांच्या जोडीचे २५६. अर्थ लावायचा तो जोडीवरून. शेजार बदलला की तोच आकार वेगळं बोलतो. आपल्याकडे याचं खरं भावंड रमल, म्हणजे ठिपक्यांच्या आकृत्यांवरून भविष्य सांगणं. तिथंही चार ओळी, प्रत्येकीत एक किंवा दोन ठिपके, आणि आकृत्या १६च.

उताणं शुभ आणि पालथं अशुभ, असंही समजू नका. ‘इफे क्वुलू, इफे अक्वुदेबे या’ अशी इग्बो म्हण आहे : एक गोष्ट उभी राहिली की तिच्या शेजारी दुसरी उभी राहतेच. माणसालासुद्धा ‘ची’ नावाचा अदृश्य जोडीदार असतो. मात्र सगळीकडे दोनच शोधत बसाल तर फसाल. विधीतलं कोला फळ चार पाकळ्यांचं निघालं तर ते एके, ओरिये, आफो, न्क्वो या चार बाजारवारांचं मानतात. दोनच पाकळ्यांची कोलाची जात विधीला चालत नाही.

प्रश्न : द्विमान (फक्त ० आणि १ची) पद्धत शिकवायला अफासारखी पिस्त्याच्या टरफलांची माळ केली. चारही टरफलं एकदमच उलटतात. काय चुकलं?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : दोरा ताठ आहे. नायलॉनला पीळ बसला की तो सगळ्यांना एकत्र फिरवतो; मग १६ सोडा, दोनच आकार मिळतात. मऊ सुती दोरा घ्या, प्रत्येक टरफलाच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तिथंच गाठ मारा आणि दोन टरफलांमध्ये अडीच-तीन सेंटिमीटर दोरा सैल सोडा. गुळगुळीत लादीवर टरफलं नुसती घसरतात, म्हणून खाली सतरंजी हवी.

माळ ५० वेळा टाका आणि २०० नोंदी करा. उताणी साधारण १०० यायला हवीत. एखादं टरफल सारखं एकाच अंगावर पडत असेल तर तेवढंच बदला.

आणि एका टोकाला लाल मणी ओवाच. उताणं टरफल १ आणि पालथं ० धरलं, पण वाचायला कुठून सुरुवात करायची हे ठरलेलं नसेल तर ११०० आणि ००११ यांतला फरकच कळत नाही. उलटसुलट सारखे दिसणारे आकार चारच. उरलेले १२ एकमेकांत मिसळून सहा होतात, आणि मुलांच्या वहीत १६ऐवजी १० आकार भरतात.

माळेजवळच्या पाटीवर नुसतं ‘अफा’ नको, ‘अफाचा नमुना’ असं लिहा. कारण खरा अफा टाकणाऱ्या डिबियाला आधी अग्वू या देवतेची दीक्षा लागते.