तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पालकाचा दिवस कसा असतो? माझ्या बहिणीच्या मुलाला आहे, तिला मदत काय करू?

दिवस जातो तो भरवण्यात. बाकीचं सगळं त्याच्या मधल्या फटीत.

आमच्या लेकीलाही सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही; ती आता मोठी झालीय. चारही हातपाय ताठ, मान धरत नाही, बोलत नाही, फिट्सचं औषध चालू. वेंगुर्ल्याजवळ राहतो. बायको शिक्षिका, त्यामुळे दिवसा लेक माझ्याकडे; कलमांची बाग जमेल तशी.

उठल्यावर आधी तिची पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला आणि दाबूनही लाली हटली नाही, तर त्या अंगावर निजवायचं नाही. रात्री दोन-तीन तासांनी कूस बदलतो, आळीपाळीने. फिटचं औषध मात्र घड्याळ बघूनच.

मग पेज. उकड्या तांदळाची, मिक्सरमधून काढलेली, चमचा कलता केला की धार न लागता गोळा पडेल इतकी दाट. पातळ पाणी तिला सगळ्यात धोक्याचं; पटकन श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. तिला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमचा खालून न्यायचा. वरून नेला की मान मागे जाते आणि ठसका लागतो. घशाची हालचाल दिसेपर्यंत पुढचा चमचा नाही. एका वाटीला पाऊण तास, वर अर्धा तास बसवून ठेवायचं. असं दिवसातून चारदा, करा हिशेब. मे महिन्यात तेवढी चैन असते. हापूसचा गाळलेला रस मुळातच दाट, आणि वाटी दिसली की ही आपण होऊन तोंड उघडते.

पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, वीज गेली की हवेची गादी बसते. म्हणून इन्व्हर्टर आधी घेतला, टीव्ही नंतर.

येणारा-जाणारा विचारतो, "कौल लावलास काय रे?" लावला. देवाचं देवाकडे, गोळ्या गोळ्यांच्या वेळेला. पण "देवाने तुम्हालाच निवडलं" हे ऐकलं की मी उठून आत जातो. बहिणीला हे वाक्य ऐकवू नका.

मदतच करायची तर कागद अंगावर घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा, मग राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना. त्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. मेहुणे जुन्या करप्रणालीत असतील आणि अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल, तर आयकरात (1961 च्या कायद्यातलं कलम 80डीडी) 1,25,000 रुपयांची वजावट आहे. आणि मुलगा 18 वर्षांचा झाला की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं.

दुसरं, भरवायला शिका, बहीण शेजारी असताना. सुरुवातीला भाचा तुमच्या हातून खाणार नाही, दात घट्ट आवळून धरेल. तरी जात राहा. फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं, पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी काय द्यायला सांगितलंय, तेही तिच्याकडून लिहून घ्या. मग तिला दोन तास बाहेर पाठवा, आणि मधे फोन करून काही विचारू नका.