जानेवारीतही जात जा

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. आजी गेल्या आणि तुला जाता आलं नाही. दहावा-तेरावा व्हिडिओ कॉलवर बघावा लागला, तोही अर्धा रेंजअभावी गेला. मग कामावरच्या बाई तुला त्यांच्या स्पिरिच्युअलिस्ट चर्चमध्ये, म्हणजे गेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांच्या चर्चमध्ये, घेऊन गेल्या. तिथे व्यासपीठावरच्या मीडियमने, म्हणजे आत्म्यांचे निरोप सांगणाऱ्या बाईने, "साडीतली एक वयस्क बाई तुझ्यामागे उभी आहे" असं म्हटलं आणि तुला भर सभेत रडू फुटलं. आता तू विचारतोस, परत जाऊ की नको, आणि घरी आईला सांगू की नको.

आईला सांगून टाक. तिच्या पिढीतली मंडळी मे महिन्याच्या सुट्टीत वाटी उपडी घालून प्लँचेट करत मोठी झाली आहेत. ती घाबरणार नाही. फार तर विचारेल, "आजी काही म्हणाल्या का?"

परत जाण्याबद्दल म्हणशील तर जरूर जा. पण कशासाठी जायचं ते आधी बोलू.

त्या साडीचं काय ते बघ. अख्ख्या हॉलमध्ये भारतीय चेहऱ्याचा तू एकटा. तुझ्यामागे साडीतली बाई नाही दिसणार तर काय स्कर्टातली? ती मीडियम खोटारडी आहे असं मी म्हणत नाही. आपल्याला खरंच दिसतं असं यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटत असतं. पण तो पुरावा नव्हे. आजींच्या कमरेला खोचलेली तपकिरीची डबी तिने सांगितली असती, तर मीही कान टवकारले असते. गेलेली माणसं बोलतात असं मला वाटत नाही, आजवर कधी वाटलं नाही. तरीही मी इतकी वर्षं त्या बाकावर जाऊन बसते आहे. का, ते पुढे येईलच.

तू राहतोस त्या वेस्ट यॉर्कशायरमध्येच ब्रिटनमधल्या या पंथाचं मूळ आहे. सुरुवात अमेरिकेतली. 31 मार्च 1848 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात केट आणि मार्गारेट फॉक्स या दोन मुलींच्या घरात ठकठक आवाज येऊ लागले. आत्मा उत्तरं देतो अशी आवई उठली आणि बघता बघता देशभर पसरली. डेव्हिड रिचमंड नावाच्या माणसाने ते वेड इकडे आणलं आणि 1853 मध्ये कीथलीला ब्रिटनमधली पहिली स्पिरिच्युअलिस्ट मंडळी जमली. दोन वर्षांत तिथून वर्तमानपत्रही निघालं. जमणारे बरेचसे गिरण्यांतले कामकरी. गावच्या पाद्र्याचं त्यांना पटत नव्हतं, देव मात्र सोडायचा नव्हता. म्हणून इथे आजही कमिटी कारभार बघते, आणि इतर चर्चांमध्ये बायकांना प्रवचनाला उभं राहू देत नव्हते त्या काळापासून इथे बायका व्यासपीठावर आहेत. मार्गारेट फॉक्सने पुढे 1888 मध्ये न्यूयॉर्कच्या भरल्या नाट्यगृहात सांगितलं की ते आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढत होतो. पुढच्या वर्षी तिने तो जबाब फिरवला. चहाच्या टेबलावर हा विषय फारसा निघत नाही.

आता काही रोखठोक गोष्टी. मीडियम तुझ्याकडे वळली की "हो", "नाही" किंवा "सांगता येत नाही" एवढंच मोठ्याने म्हण. माहिती पुरवू नकोस. आपली माणसं भिडेपोटी सगळं सांगून मोकळी होतात आणि मग तेच परत ऐकून थक्क होतात. चहा पिताना तू जे बोलतोस तेही फिरतं. कुणी मुद्दाम फिरवतं असं नाही, पण गाव लहान आहे. खासगी बैठकीला पैसे देऊन लगेच बसू नकोस. दुःख ओलं असताना माणूस काहीही विकत घेतो. प्रात्यक्षिकाच्या आधी बऱ्याच ठिकाणी "हा केवळ प्रयोग आहे, खात्री देता येत नाही" असं जाहीर करतात. ते कायद्याच्या धाकाने. 1951 पर्यंत इथे मीडियमवर 1735 च्या चेटूकविरोधी कायद्याखाली खटला भरता येत होता. हेलन डंकन या बाई 1944 मध्ये त्याच कायद्याखाली तुरुंगात गेल्या. नंतर फसव्या मीडियमांसाठी वेगळा कायदा आला, आणि 2008 पासून तर हे सगळं ग्राहक संरक्षणाच्या नियमांत बसवलं आहे.

इतकं सगळं सांगूनही 'जा' म्हणते, कारण एका रविवारी बघून या चर्चचा अंदाज येत नाही. ते वर्षभर बघावं लागतं.

मार्चमध्ये फुलदाण्यांत डॅफोडिल्स येतात आणि हाइड्सव्हिलचा वाढदिवस होतो. त्यात विशेष काही नसतं, केक असतो. मे-जूनमध्ये मात्र फुलांची सभा चुकवू नकोस. प्रत्येकाने एक फूल आणायचं, दुसऱ्याला न दाखवता दारातल्या ट्रेमध्ये ठेवायचं. मग मीडियम एकेक फूल उचलते आणि देठापासून वाचत वर जाते. खाली बालपण, गाठ आली तिथे संकट, कळी असेल तर अजून व्हायचं काहीतरी. वाचन मला हस्तरेषांइतकंच पटतं. पण तू तो ट्रे बघ. सुपरमार्केटचं कार्नेशन असतं, प्लास्टिकवर किमतीचं लेबल तसंच. फुटपाथच्या फटीतून उपटलेला डँडेलियन असतो. एक विधुर गृहस्थ आहेत, ते नगरपालिकेच्या भाड्याच्या वाफ्यात लावलेला स्वीट पी आणतात, देठाला ओला टिश्यू आणि वर फॉइल गुंडाळून. बायकोने लावलेल्या वेलाचंच बी ते दरवर्षी धरतात. मीडियम काय म्हणाली ते घरी जाईपर्यंत विसरायला होतं. स्वीट पी कुणाचा, ते हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि सभा संपल्यावर त्यांच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी राहत नाही. तू फूल स्वतः खुडलेलं ने. रानातले ब्लूबेल मात्र तोडू नकोस. जागामालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणं तर कायद्यानेच बंद आहे.

ऑगस्टमध्ये माळरानं हेदरने जांभळी होतात आणि चर्च अर्धं रिकामं पडतं. मंडळी सहलीला जातात. तूही जा, वर वारा फार असतो, जाकीट ने. निसर्गाचं वेड या पंथात जुनंच आहे. डार्विनइतक्याच अधिकाराने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस आयुष्यभर भुंगे आणि फुलपाखरं गोळा करत राहिला आणि 1865 पासून मीडियमांच्या बैठकींनाही जात राहिला. त्याला त्यात विसंगती दिसली नाही. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन डेव्हिसने परलोकाचं नावच 'समरलँड' ठेवलं. यॉर्कशायरचा हिवाळा काढल्यावर तुला ते नाव का सुचलं असेल ते कळेल.

सप्टेंबरअखेर हार्वेस्ट फेस्टिव्हल. मेजावर भोपळे, गाजरं, पाव आणि डबाबंद बीन्सची उतरंड. सभेनंतर ते सगळं गरजूंच्या अन्नपेढीकडे जातं. कधी कधी नेमका तेव्हाच आपला पितृपक्ष असतो. आजींच्या तिथीला घरी पान वाढावंसं वाटलं तर खुशाल वाढ. इथे कावळ्यांना तोटा नाही आणि भात-वरणाला ते नाही म्हणत नाहीत. त्याच रविवारी संध्याकाळी चर्चच्या मेजावर आजींच्या नावाने तांदळाची पिशवी ठेव. दोन्हीत भांडण नाही.

आणि मग नोव्हेंबर. तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची सभा ही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने ठरवलं की पडलेल्या सैनिकांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, जिथे पडले तिथेच पुरायचे. इथल्या गल्ल्यागल्ल्यांत अशी घरं होती जिथे तार आली, पण मुलाचा चेहरा दिसला नाही, दफन झालं नाही, मूठभर मातीसुद्धा टाकता आली नाही. त्या आया या बाकांवर येऊन बसल्या. एरवी ज्याच्या बुद्धीबद्दल कुणी शंका घेतली नसती त्या ऑलिव्हर लॉजसारख्या भौतिकशास्त्रज्ञाचा मुलगा रेमंड 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ मारला गेला, आणि बाप मीडियमांकडून आलेले त्याचे निरोप टिपून ठेवत राहिला. लोक हसले. मला हसू येत नाही. निरोप द्यायचा राहून गेला की माणूस कुठे कुठे जातो, ते तुला मी सांगायला नको. तुझ्या हातात त्या दिवशी मोबाइल होता आणि पलीकडे घाटावर आजी होत्या. नोव्हेंबरच्या त्या रविवारी नावं वाचतात. कमिटीला आधी सांगितलंस तर आजींचंही वाचतील. नाव नीट उच्चारायला शिकव त्यांना, आणि लाजू नकोस.

डिसेंबरात मेणबत्त्या, कॅरोल्स, गर्दी. ते कुणालाही आवडतं.

खरी परीक्षा जानेवारीत. चारलाच अंधार पडतो, फुटपाथवर बर्फाची काच होते, हीटिंगचं बिल परवडत नाही म्हणून कमिटी एकच बाजू तापवते आणि सगळे त्या बाजूला दाटीवाटीने बसतात. बाहेरगावच्या मीडियमची गाडी बंद पडते. मग घरचंच कुणीतरी उठून चार शब्द बोलतं, एक-दोन गाणी होतात आणि चहा लवकर मांडला जातो. बहुतेकांची सत्तरी उलटलेली. तू कार घेतली आहेस असं लिहिलंस. तेव्हा जानेवारीत तुझं काम हे: सभा सुटल्यावर त्या म्हाताऱ्यांना दारापर्यंत सोडायचं आणि आतला दिवा लागेपर्यंत गाडी हलवायची नाही. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच आहे ते. उत्सवाला मांडव भरतो, पण मंडळ टिकतं ते आडवारी पाऊस असताना टाळ घेऊन येणाऱ्यांवर.

न्यूयॉर्क राज्यातच लिली डेल म्हणून या लोकांचं एक अख्खं गाव आहे, 1879 मध्ये तळ्याकाठी वसलेलं. उन्हाळी हंगामात तिथे हजारोंनी पाहुणे येतात, जुन्या जंगलातल्या एका खोडापाशी बसून निरोपांची वाट बघतात. इअरी सरोवरावरून येणारं हिम पडू लागलं की गावात थोडीच घरं जागी राहतात. थंडी सोसवेना तेव्हा काहींनी हिवाळ्यासाठी 1894 मध्ये फ्लोरिडात कॅसाडागा नावाचा दुसरा तळ काढला. शहाणी माणसं. पण मला लिली डेलमध्ये मागे राहून एकमेकांच्या दारातलं हिम उपसणाऱ्यांची गोष्ट ऐकायला जास्त आवडेल.

हिंदू म्हणून चालेल का, असं विचारलं आहेस. चालेल. त्यांची सात तत्त्वं आहेत, एमा हार्डिंग ब्रिटन या बाईंनी 1871 मध्ये त्यांची सुरुवात केली. त्यांचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा अशी मुभा आहे. स्वतःच्या कर्माला स्वतः जबाबदार, आणि केल्याचं बरं-वाईट फळ पुढे मिळतं, ही दोन वाचून तुला वाटेल की हे तर आजींनीच सांगितलं होतं. ईश्वराच्या पितृत्वापाशी अडलास तर अडून राहा, कुणी परीक्षा घेत नाही. मीडियम होण्याच्या सराव-वर्तुळात ये म्हणून आग्रह होईल. तरुण चेहरा दिसला की त्यांना राहवत नाही. निदान वर्षभर नको म्हण.

त्याऐवजी चहाच्या पाळीच्या कागदावर नाव घाल. तो स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवलेला असतो. मोरीपाशी एक जण कप विसळतो, दुसरा पुसतो, दोघांचं तोंड भिंतीकडे. तिथे माणसं जे बोलतात ते व्यासपीठासमोर बोलत नाहीत. मीही नवरा गेल्यावरचं पहिलं धड वाक्य तिथेच बोलले, समोरच्या बाईंनी मान वर न करता "हं" म्हटलं आणि पुढचा कप दिला.

पाण्याचा बॉयलर तापायला वेळ लागतो, म्हणून पाळी असेल तेव्हा सभेच्या तासभर आधी पोच. दूध दोन बाटल्या. कस्टर्ड क्रीम बिस्किटं आणलीस तर लगेच तुझी किंमत वाढेल, आणि एकदा चकल्या नेऊन बघ. कवळीवाल्यांना आधी सांग.

तुझी,
मावशी