ठाणे–नवी मुंबईत बिअर शिकायची तर आधी थंडावा शिका

घणसोलीत मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारा छोटा कारखाना, काढण्यापूर्वी घरी सहा महिने बिअर बनवण्याचा सराव करावा का, असे आपण विचारले आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि पुढे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडेच परवाना मागायचा असल्याने ही वाट धरू नये. मात्र अर्धी विद्या काहीही न आंबवता शिकता येते. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तसेच माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचे किंवा गव्हाचे, आहे. मोड येताना धान्यात तयार झालेली विकरे पुढे पिष्टाची साखर करतात. भरडलेला माल्ट ६६–६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावा आणि आयोडीनचा थेंब टाकून पाहावा. तो निळा पडला तर पिष्ट अजून शिल्लक आहे. हे शंभर वेळा केले तरी थोडेच.

माल्टचे हे गोड पाणी, म्हणजे अर्क, गाळून उकळतात आणि खरी अडचण त्या उकळीनंतर येते. एल या, लागरपेक्षा जास्त तापमानाला आंबणाऱ्या, प्रकारच्या बिअरसाठी तो १८–२० अंशांवर आणूनच यीस्ट घालावे लागते. थंड देशांतील पुस्तके त्यासाठी नळाचे पाणी वापरायला सांगतात, पण मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणीच तिशीच्या पुढे असते. शिवाय आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मायक्रोब्रुअरीत मी काम करत असताना जुलैत एका रात्री वीज गेली. जनरेटर स्वयंपाकघराला आणि दिव्यांना जोडला होता, टाक्या थंड ठेवणाऱ्या यंत्राला, चिलरला, नव्हता. सकाळी १९ अंशांची टाकी २६ वर गेली होती, आणि आठवड्याभरात त्या गव्हाच्या बिअरला नेलपॉलिशसारखा वास येऊ लागला. ५०० लिटर ओतून द्यावे लागले, त्याची हळहळ मला आजही वाटते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पहिला पैसा चिलर, राखीव पंप आणि जनरेटरवर घालावा. सजावट नंतर करता येते.

त्याच तोडीचे महत्त्व स्वच्छतेला आहे. टाकी दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने धुऊन, खळखळून, मग पेरासेटिक आम्लाने निर्जंतुक करतातच. परंतु जिवाणू नमुना घेण्याच्या व्हॉल्व्हमध्ये आणि सांध्यातल्या रबरी गॅस्केटच्या खाचेत लपतात, त्यामुळे ते सुटे करून हातानेच घासावे लागतात. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत डोके कधीही घालू नका, कारण हवेहून जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि माणूस जागीच कोसळतो.

पाण्याचे थोडक्यात सांगतो: नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी क्लोरीन घालून मिळते, तो कार्बन फिल्टरने काढला नाही तर बिअरला औषधी वास येतो.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून राज्यात शिकण्याच्या जागा वाढल्या आहेत. अशा ठिकाणी निदान वर्षभर मदतनीस म्हणून राबावे, टाक्या धुण्यापासून सुरुवात करावी. जागेचा करार करण्याआधी विजेचा मंजूर भार आणि सांडपाण्याची सोय लेखी तपासावी, आणि ५०० लिटरच्या बॅचमागे शंभर किलोंहून अधिक माल्टचा ओला चोथा निघतो, तो त्याच दिवशी उचलणारा तबेलेवाला आधीच ठरवून ठेवावा. इथल्या पावसाळी उकाड्यात दुसऱ्या दिवशी गुरेही त्याला तोंड लावत नाहीत.